दुपारची झोप

"हळू बोला हं, दुपारची झोप चाललीय त्यांची," माझी बायको एउलालिया पर्यटकांना म्हणाली. मी होडीचं इंजिन बंद केलं. खडकांवर शेकडो समुद्रसिंह पसरलेले. लिमाहून आलेली मंडळी खूश होऊन फोटो काढत होती.

"साथीत हे सगळे मेलेत. अजून किती दिवस असं फसवायचं गं?" मी तिच्या कानाशी पुटपुटलो.

"खरं सांगितलं तर ते उठणार आहेत का? होडीत मात्र उद्यापासून कुत्रंसुद्धा बसायचं नाही!"

तेवढ्यात खडकाच्या कपारीतून एक पिल्लू सरपटत आलं. आईच्या पोटाशी लुचू लागलं. दूध येईना, तसं जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलं.

होडीतल्या आजीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ बाळा, झोपू दे आईला."