ट्रायल रूममधले दोन फोटो

बोरिवलीच्या एक्स्पोर्ट सरप्लसच्या दुकानात यज्ञेशने आधी पांढरा शर्ट घालून पाहिला, मग निळा. "फार फॉर्मल नको, पण चारचौघांत बरं दिसलं पाहिजे," एवढंच त्याने सेल्समनला सांगितलं होतं. आरशात दोन्ही त्याला सारखेच वाटले. मग गेली बारा वर्षं करायचा तसंच त्याने दोन्हींचे फोटो काढून बायकोला, रुचिराला पाठवले. पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर तिने ते पाहिलेही होते.

लगेच उत्तर आलं. "निळा घे. पांढऱ्यात पोट दिसतं तुझं. घालण्याआधी इस्त्री कर, नव्या शर्टाच्या घड्या दिसतात. आणि उद्या साडेदहाला फॅमिली कोर्टात पोच, शेवटची तारीख आहे आपली."