तांब्याची वस्तू

"और कोई मेटल, मैडम?" टेक्निशियनने विचारलं.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना, सगळं काढून प्रणिताने सासूच्या पदरात टाकलं होतं. द्वारकेतलं हे एमआरआय केंद्र नुकतंच उघडलेलं, भिंतींना अजून रंगाचा वास होता. कंबरदुखीने ती वर्षभर बेजार होती, पण आता कंबर राहिली बाजूला. दारावर भलंमोठं चुंबक रंगवलेलं पाहून तिच्या पोटात गोळाच आला. कारण आणखी एक वस्तू उरली होती, आणि ती नेमकी पोटातच होती.

सांगावं, तर भानुमतीबाई शेजारी उभ्या. नातीच्या पाठीवर भाऊ हवा म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा सोळा सोमवार धरलेले. आजही सोमवार होता, सकाळपासून नुसत्या पाण्यावर होत्या. आणि न सांगावं, तर ते चुंबक आत काय काय ओढून काढील कोण जाणे! कॉपर टी म्हटलं, तर सासूबाईंना लगेच कळणार. प्रणिताने आडवळण घेतलं.

"तांबे की एक चीज़ है," ती पुटपुटली.

"तो उतार दीजिए."

"उतरती नहीं."

"अंगूठी टाइट है? साबुन लगाइए, निकल जाएगी."

भानुमतीबाईंनी सुनेची मोकळी बोटं पाहिली. मग तिचा चेहरा पाहिला.

"तांबी?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रणिताने मान हलवली. "राधा झाल्यावर बसवली. केतनला माहीत आहे. आई, मला दुसरं नकोय."

"म्हणजे माझे सोमवार तांबीवर आपटून परत येत होते तर!"

प्रणिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भानुमतीबाई टेक्निशियनकडे वळल्या होत्या. "भैया, अंगूठी नहीं है. बच्चा नहीं होने के वास्ते अंदर बसाया है. डॉक्टर को बुलाव."

टेक्निशियन लाजून पळाला. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "कॉपर टी? कोई बात नहीं, ताँबा चुंबक से नहीं खिंचता. बता दिया, अच्छा किया."

"आई, रागावलात?"

"आधी आत जा. बिचारे खोळंबलेत सगळे."

मशीनचा ठणठणाट कानांत घेऊन प्रणिता बाहेर आली. भानुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. दागिने पदराच्या गाठीत, आणि हातात अर्धा खाल्लेला समोसा.

"आई, आज सोमवार ना?"

"सोडले." त्यांनी दुसरा समोसा तिच्यापुढे केला. प्रणिताला एकदम हलकं वाटलं, आणि सपाटून भूकही लागली.

"महादेवाला म्हटलं, उगाच हेलपाटे घालू नका," भानुमतीबाई चटणी पुसत म्हणाल्या. "सून बोलावील तेव्हा या."