चाळीसवरची टिकली

नसरापूरच्या भातगिरणीत बॉयलरच्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर, चाळीस पौंडांच्या आकड्यापाशी, फायरमन हैबतीने काचेला कुंकवाची टिकली लावली होती. नव्या बी.एस्सी. सुपरवायझरने ती पुसली. “बाबा, गेजची पूजा कसली? बॉयलर साठ पौंड सोसणारा आहे, साठपर्यंत वाफ चढवा.” “पूजा न्हाई, सायेब. काटा टिकलीम्होरं गेला की बॉयलर कन्हतो.” “कण्हणं मोजता येत नाही,” तो हसला. आठव्या दिवशी बॉयलर फुटला, हैबती जागीच गेला. आज सुपरवायझरने ढिगाऱ्यातून निघालेलं गेज आणि पुण्याहून मागवलेलं खात्रीचं गेज एकाच पंपाला जोडली. खात्रीच्या गेजचा काटा साठावर पोचला, तेव्हा गिरणीचा काटा चाळिसावर होता. दारात हैबतीची कोंडाबाई उभी होती, मोकळ्या कपाळाने. “मालक म्हनत्यात, आमच्या धन्याचीच चूक. व्हय का, सायेब?” “नाही. गेज चुकलं,” तो म्हणाला आणि त्याने तडकलेल्या काचेच्या कडेला उरलेलं कुंकू रुमालाने पुसलं.