दुसरा शब्द

बाबा घरीच स्पॅनिश भाषांतरं करायचे. जवळजवळ एकाच अर्थाच्या दोन शब्दांपाशी गाडी अडली, की टेबलावरूनच हाक जायची, "अगं, निर्णयाला 'रासोनाब्ले' म्हणू की 'सेन्सातो'?" स्पॅनिशचा गंधही नसलेली आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दुसरा! आणि चहा गार होतोय." बाबा मुकाट्याने दुसरा शब्द लिहायचे.

आई गेली आणि ती हाकही बंद पडली. मी आता स्पॅनिश शिकवते. परवा बाबांची जुनी भाषांतरं चाळताना चाटच पडले.

"बाबा, 'रासोनाब्ले' म्हणजे नुसता पटण्याजोगा, 'सेन्सातो' म्हणजे शहाणपणाचा. इथे 'सेन्सातो'च हवा होता! आईचं एकदाही कसं चुकलं नाही हो?"

बाबा खुदकन हसले. "ती कायम 'दुसरा'च म्हणायची. मग मी बरोबर शब्द नंतर म्हणायला लागलो."

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत असायचं? मग विचारायचात कशाला?"

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तिकडून ओ यायची ना."