चपला बाहेर काढाव्यात

"काकू, तिसऱ्यांदा सांगतो, तुमचे दोन्ही पाय सारखे आहेत," एक्स-रे टेबलावर ठेवत डॉक्टर म्हणाले. "लंगडणं तुमच्या डोक्यात आहे."

माझं डोकंच फिरलं. खुब्याचा सांधा बदलून तीन महिने झाले होते. डॉक्टरांच्या खोलीत मी अनवाणी सरळ चालायचे, हे खरं. पण रस्त्यावर डावा पाय लांब वाटायचा आणि दर पावलाला कंबर एका बाजूला उचलली जायची. तीस वर्षं शाळेत पोरांची सोंगं पकडली मी. आता मीच सोंग करते म्हणे.

तणतणत बाहेर आले. मला अजून वाकायची मनाई, म्हणून दाराशी बसणाऱ्या विठामावशी माझ्या चपला पायापाशी सरकवायच्या. आज त्यांनी त्या उचलल्या आणि डावी हातात तोलून पाहिली.

"बाई, ही जड लागतीय. हिला जादा तळ लावलाय का?"

लावला होता. खुबा झिजून तो पाय आखूड पडला, तेव्हा मीच अर्धा इंच तळ ठोकून घेतला होता. ऑपरेशननं पाय पुन्हा मूळ लांबीला आला, आणि तळ मी साफ विसरले.

विसरले, कबूल. पण तीनदा टेप लावून पाय मोजणाऱ्याला, ही बाई पायात काय घालते, एवढंही विचारावंसं वाटू नये?

मावशींच्या हातातून चपला घेतल्या आणि तशीच आत शिरले.

"चपला बाहेर," मान वर न करता डॉक्टर म्हणाले.

"तीन महिने बाहेरच होत्या," मी म्हटलं आणि डावी चप्पल त्यांच्या एक्स-रेवर ठेवली.