पहिलं नाव काढल्यावर

"ताई, माझंच चुकलं हो," मुलांच्या शिबिराच्या ऑफिसात शिरताच नंदा ढवळे म्हणाली. "शेंगदाणा चालत नाही ही खूण शर्वीऐवजी धाकट्याच्या नावापुढे केली मी. पोरगी चटणी खाऊन दवाखान्यात गेली. सासूबाईंनी तर बोलणंच टाकलंय माझ्याशी."

शिबिराचा ऑनलाइन फॉर्म समोर बसलेल्या केतकीने बनवला होता. त्यातली चूक तिने सकाळीच शोधली होती आणि गुपचूप दुरुस्तही केली होती. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

नंदाने आधी तीन मुलं भरली होती: पुतण्या, शर्वी, धाकटा. पुतण्याचं यायचं रद्द झालं म्हणून तिने त्याचं नाव काढलं. खालची नावं वर सरकली. दुसऱ्या ओळीतली खूण मात्र जागची हलली नाही. एका मुलाचं नाव आणि त्याच्या खुणा एकदम काढून टाकायची सोय कोडच्या लायब्ररीत, म्हणजे आयत्या कोडच्या संग्रहात, तयार होती. केतकीने घाईत स्वतःचंच जुगाड बसवलं, आणि तपासताना दर वेळी शेवटचंच नाव काढून पाहिलं.

"माफी कुणाकडे मागायची?" नंदाने विचारलं.

केतकीने दुरुस्तीआधीचा फॉर्म उघडला, तीच तीन नावं भरून शर्वीपुढे खूण केली, लॅपटॉप नंदाकडे वळवला आणि पहिलं नाव काढलं. शर्वीची खूण धाकट्यापुढे दिसू लागली.

"तुम्ही बरोबरच भरलं होतंत. चूक माझी आहे."

आता शिव्या पडणार म्हणून केतकी मान खाली घालून बसली. नंदाने घरी फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला.

"हे एवढं आमच्या सासूबाईंना सांगा."