गेम उघडेपर्यंत

"एवढ्या बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड विसरा, काका," दुकानदार म्हणाला. "जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. गेम चुटकीसरशी उघडेल."

लेकीच्या वाढदिवसाला बाबांनी तीच बसवून आणली.

आई गेल्यापासून लेक घरात गप्पच असायची. पण गेम उघडताना पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची आणि तेवढ्या वेळात बाबांच्या हातचा चहा पीत ती बोलायची. कॉलेजचं, कधी आईचंही.

आज बाबा दोन कप घेऊन तिच्याशेजारी स्टुलावर टेकले. तिने क्लिक केलं आणि गेम उघडलासुद्धा.

"कसला फास्ट झालाय, बाबा," म्हणत तिने हेडफोन चढवले.

तिला पहिल्यांदा हातात घेऊन आई काय म्हणाली होती, ते बाबा आज सांगणार होते. चहाच्या घोटाबरोबर त्यांनी ते गिळलं.